बाटला चढवावा की नाही?

औषधवाल्या मावशीची टपालपेटी

मावशी, नमस्कार. आम्ही वाडी भागात राहतो. माझे थोरले दादा ५८ वर्षांचे आहेत. एप्रिलमध्ये मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, पण यकृतावर डाग निघाले म्हणून केमो चालू आहे. सहा झाल्या, सहा बाकी. डायबिटीस पंधरा वर्षांपासूनचा, मागच्या रिपोर्टात क्रिएटिनिन १.८ आलं. वहिनींच्या ओळखीतून कळलं की रेसकोर्सच्या बाजूला एका क्लिनिकमध्ये व्हिटॅमिन सीचे बाटले शिरेतून चढवतात. एका वेळी २५ ग्रॅम, आठवड्याला दोन, असे वीस. एकाचे साडेचार हजार. गाठ आटते, केमोचा त्रास कमी होतो, आणि व्हिटॅमिनच आहे तेव्हा अपाय काहीच नाही, असं त्यांचं म्हणणं. कॅन्सरच्या डॉक्टरांना सांगू नका, ते उगाच चिडतात, असंही म्हणाले. दादा म्हणतात, तुम्ही ठरवाल ते. पैसे मी उभे करू शकतो. करू का? — एक धाकटा भाऊ, वडोदरा

भाऊ, तुमच्या पत्रातल्या एका ओळीखाली मी पेन्सिलीने दोनदा रेघ मारलीय. ‘कॅन्सरच्या डॉक्टरांना सांगू नका.’ बाकी सगळ्यावर बोलता येईल, पण असं सांगणाऱ्याच्या हाती दादांची शीर देऊ नका. माझं उत्तर खरं तर इथेच संपतं. तरी नव्वद हजारांचा प्रश्न आहे आणि त्याहून मोठा दादांचा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

मी डॉक्टर नाही. कलाभवनाच्या आवारात फार्मसी शिकले आणि पुढे ३४ वर्षं इस्पितळाच्या औषधखिडकीमागे उभी राहिले, एवढाच माझा अधिकार. व्हिटॅमिन सीची आणि माझी ओळख ब्युरेटखालची, म्हणजे थेंब मोजून सोडायच्या काचेच्या नळीखालची. चंबूत गोळीची पूड विरघळवायची, चमचाभर स्टार्चची खळ घालायची आणि वरून थेंब थेंब आयोडीन सोडायचं. आयोडीनचा तपकिरी थेंब पडतो न पडतो तोच गडप. पुन्हा थेंब, पुन्हा गडप. व्हिटॅमिन सी आपल्याजवळचे इलेक्ट्रॉन आयोडीनला देऊन टाकतं आणि त्याचा रंग घालवतं. सगळं व्हिटॅमिन खर्ची पडलं की पुढच्या एकाच थेंबाला चंबू निळाशार होतो. तो निळा रंग नेमका पकडण्यात आम्हा मुलींच्या दुपारच्या दुपारी जात. हा इलेक्ट्रॉन देऊन टाकण्याचा गुण तेवढा लक्षात ठेवा, तो पुढे माझ्याच घरात येणार आहे.

आता बाटल्याकडे वळू. धडधाकट पुरुषाला दिवसाला ८० मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी पुरे, असं आपल्या हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं २०२० चं कोष्टक सांगतं. म्हणजे २५ ग्रॅमच्या एका बाटल्यात दहा महिन्यांचा शिधा आला. गोळ्यांत मोजायचं तर ५०० च्या पन्नास गोळ्या. मग लोक पन्नास गोळ्याच का खात नाहीत? कारण आतडं वाटेत दार लावून घेतं. रोज दोनशेच्या आसपास मिलिग्रॅम घेतलं की रक्तातली पातळी जवळजवळ भरते, ग्रॅमच्या पुढे गेलात की निम्म्याहून कमीच शोषलं जातं, उरलेलं जुलाब होऊन बाहेर आणि जे शोषलं त्यातलं बरंचसं लघवीवाटे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी २००४ मध्ये हिशेब मांडला होता. तोंडाने कितीही घ्या, रक्तातली पातळी २२० मायक्रोमोलच्या पुढे सरकत नाही. शिरेतून ५० ग्रॅम दिलं तर तीच १३ हजारांवर जाते. त्यामुळे ‘गोळी वेगळी आणि बाटला वेगळा’ हे क्लिनिकवाल्यांचं म्हणणं खरं आहे. मी त्यांना तेवढे गुण देते.

आणि एवढ्या पातळीला हा सज्जन पदार्थ वागणूक बदलतो हेही खरं. काचेच्या बशीतल्या पेशींभोवती तो हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतो आणि त्याने कॅन्सरच्या काही पेशी मरतात. पण बशीत कॅन्सर तर फिनाईलनेही मरेल.

या कल्पनेमागचं मोठं नाव लायनस पॉलिंग. रसायनशास्त्राचं नोबेल १९५४ चं, शांततेचं १९६२ चं. अशा माणसाचं बोलणं कोण खोडणार? स्कॉटलंडच्या इवान कॅमेरॉन या सर्जनबरोबर त्यांनी १९७६ मध्ये शंभर अखेरच्या अवस्थेतल्या रुग्णांची हकिगत छापली. आधी शिरेतून, मग तोंडाने, दिवसाला दहा ग्रॅम व्हिटॅमिन सी. हे शंभर लोक बाकीच्यांच्या चौपटीहून जास्त जगले, असा निष्कर्ष. पण ते ‘बाकीचे’ हजारजण त्याच इस्पितळाच्या जुन्या कागदांतून काढलेले होते. कोणाला आधीच ‘आता उपाय नाही’ ठरवलं, कोणाला उशिरा, यावरच अशा आकड्यांची उडी ठरते. मग अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने १९७९ आणि १९८५ मध्ये दोन नीट चाचण्या केल्या, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे रुग्ण वाटून, कोणाला खरी गोळी आणि कोणाला खोटी हे झाकून. फरक शून्य. पॉलिंग चिडले. त्यांच्या बाजूचे लोक आजही म्हणतात, मेयोने तोंडाने दिलं, शिरेतून नाही. आक्षेप वाजवी आहे. म्हणून शिरेतून देऊन बघणं पुढे सुरू झालं, आणि तुमच्या कामाचं नेमकं त्यातच आहे.

चीनमध्ये ४४२ रुग्णांवर एक चाचणी झाली, २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. सगळे मोठ्या आतड्याच्या पसरलेल्या कॅन्सरचे, म्हणजे दादांच्याच आजाराचे. अर्ध्यांना नुसती केमो, अर्ध्यांना केमो आणि शिरेतून व्हिटॅमिन सी. डोस किती? वजनाच्या दर किलोला दीड ग्रॅम, दर फेरीला लागोपाठ तीन दिवस. साठ किलोच्या माणसाला दिवसाला ९० ग्रॅम. तुम्हाला सांगितलेला २५ ग्रॅमचा बाटला त्याच्या जेमतेम पाव. एवढं ओतूनही आजार पुन्हा पुढे सरकेपर्यंतचा काळ नुसत्या केमोत ८.३ महिने आणि व्हिटॅमिनसकट ८.६. गाठीत एका विशिष्ट जनुकाचा बदल असलेल्यांत थोडा जास्त फरक दिसला, ९.२ विरुद्ध ७.८, तो धागा संशोधकांनी पकडून ठेवलाय. त्याने बाजारात बाटले विकायला परवाना मिळत नाही.

उलट बाजूचंही सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल मावशीने चाळून चाळून दिलं. अमेरिकेत आयोवामध्ये स्वादुपिंडाच्या पसरलेल्या कॅन्सरवर केमोबरोबर आठवड्यातून तीनदा ७५ ग्रॅम दिलं. २०२४ मध्ये निकाल आला, मध्यम आयुष्य, म्हणजे निम्मे रुग्ण जिथपर्यंत जगले तो काळ, ८.३ महिन्यांचा १६ झाला. वाचून मीही खुर्चीत सावरून बसले. पण रुग्ण सगळे मिळून ३४. दोन्ही गटांत वाटले की इकडे दोन धट्टेकट्टे जास्त आले तरी आकडा हलतो. मोठी चाचणी व्हायला हवी, तोवर ती आशा आहे, औषध नाही. आणि आजार दुसरा, डोस तिप्पट.

‘अपाय काहीच नाही’ याचं काय? रक्तात जंतुदोष पसरून अतिदक्षता विभागात असलेल्या ८७२ रुग्णांवर शिरेतून व्हिटॅमिन सी देऊन पाहिलं, २०२२ मध्येच. अठ्ठावीस दिवसांत मृत्यू किंवा अवयव सतत निकामी राहणं, हे व्हिटॅमिनच्या गटात ४४.५ टक्के आणि सलाईनच्या गटात ३८.५ टक्के. फायदा तर नाहीच, वर हे. तो आजार वेगळा, दादांचा वेगळा, मला मान्य. पण पुन्हा कोणी ‘व्हिटॅमिनच तर आहे’ म्हणालं तर हे दोन आकडे त्याच्यासमोर ठेवा.

दादांच्या बाबतीत तर आणखी तीन गोष्टी आहेत. पहिली, ते १.८ क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड थकत चालल्याची खूण. व्हिटॅमिन सी शरीरात मोडलं की त्यातून ऑक्झलेट निघतं, आणि ते बाहेर काढायचं काम मूत्रपिंडाचं. मूत्रपिंड थकलेलं असेल तर ऑक्झलेटचे खडे त्याच्याच नळ्यांत साचतात. मोठ्या बाटल्यांनंतर मूत्रपिंड बंद पडल्याच्या नोंदी आहेत. आणि क्रिएटिनिन वर गेलं तर केमोचे डोस कापावे लागतात किंवा पुढे ढकलावे लागतात. म्हणजे ज्याचा उपयोग सिद्ध आहे ते ज्याचा नाही त्याच्यापायी अडणार.

दुसरी गोष्ट जी-सिक्स-पीडी. हे तांबड्या पेशींना सांभाळणारं एक एन्झाइम. काही घराण्यांत ते जन्मतःच कमी असतं आणि माणसाला आयुष्यभर पत्ता नसतो. अशाला एवढं व्हिटॅमिन सी शिरेतून दिलं तर तांबड्या पेशी फुटतात, लघवी काळपट होते, रक्त झपाट्याने उतरतं. पारशी समाजात आणि आपल्याकडच्या काही आदिवासी समाजांत ही उणीव जास्त आढळते, पण म्हणून आपण सुटलो असं नाही. साधी रक्ततपासणी आहे. त्या क्लिनिकने ती सांगितली का? तुमच्या पत्रात तर उल्लेख नाही.

तिसरी गोष्ट मी वाचून लिहीत नाही.

माझे थोरले दीर, पोटाचा कॅन्सर, काही वर्षांपूर्वीचा हिवाळा. आमचं जुनं घर दांडिया बाजारात, ते खालच्या मजल्यावर. असेच बाटले सुरू केले होते, दुसऱ्या ठिकाणी. मला माहीत होतं आणि मी गप्प बसले होते. थोरल्या जाऊबाई दर बाटल्यानंतर घरी येऊन देवापाशी निरांजन लावायच्या, त्यांच्या तोंडावर मी काय बोलणार? सहाव्या बाटल्याच्या संध्याकाळी खालून हाक आली म्हणून धावले. ग्लुकोमीटरवर ४१२. जाऊबाईंनी इन्सुलिनचं पेन काढून आकडा फिरवायला घेतलेला, हात थरथरत होता. आणि भाऊजी? पलंगावर मांडी घालून थालीपिठाचा तुकडा दह्यात बुडवत होते. तहान नाही, गुंगी नाही, लघवीला सारखं जाणं नाही. चारशे बारा साखरेचा माणूस असा बसत नाही. मी विचारलं, बाटला किती वाजता संपला? साडेतीनला. माझ्या डोळ्यांसमोर एकदम तो चंबू आला.

ग्लुकोमीटरच्या पट्टीवर काय होतं, तर एन्झाइम साखरेकडून इलेक्ट्रॉन काढून घेतं आणि यंत्र ते मोजून साखर सांगतं. रक्तात व्हिटॅमिन सी तुडुंब असेल तर ते आपले इलेक्ट्रॉन न मागता देतं, जसे आयोडीनला देतं तसेच. यंत्र बिचारं तेही साखरेच्या खात्यात लिहितं. सगळीच यंत्रं फसत नाहीत, पण बरीच फसतात, आणि तासन्‌तास फसतात. पेन मी जाऊबाईंच्या हातातून घेतलं. शिरेतलं रक्त लॅबला पाठवलं, तिथली पद्धत वेगळी असते. रिपोर्ट आला १३८. तो इन्सुलिनचा डोस टोचला असता तर रात्री झोपेतच साखर पार खाली गेली असती. सहा बाटले झाले, पैसे मोजून घेतले गेले, आणि ही एक गोष्ट त्या जागी कोणी सांगितली नव्हती. भाऊजी त्यानंतर चार महिने होते. बाटले त्या रात्रीच बंद केले. मी आधी का बोलले नाही, हे जाऊबाईंनी मला एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

तेव्हा भाऊ, नको. दादांना हा बाटला नको. माझं ऐकून नाही, पुढच्या केमोला जाल तेव्हा तो क्लिनिकचा कागद कॅन्सरच्या डॉक्टरांसमोर ठेवून विचारा. चिडले तर चिडू देत, चिडायची फी वेगळी पडत नाही. आणि समजा घरच्यांनी आधीच एखाददुसरा बाटला दिलेला असेल, पत्र पोहोचेपर्यंत असं होतं, तर तो दिवस आणि दुसरा दिवस घरच्या यंत्रावर विसंबून इन्सुलिन वाढवू नका, लॅबची साखर बघा, क्रिएटिनिन पुन्हा करा, लघवीचा रंग बघा.

पैसे उभे करायची तुमची इच्छा मला कळते. काहीतरी करायला हात शिवशिवतात. तर करायला भरपूर आहे. दादांचं वजन दर रविवारी त्याच काट्यावर करून वहीत लिहा. केमोनंतर तोंड आलं, हातपाय मुंग्या आल्यासारखे झाले, ताप शंभराच्या पुढे गेला, याच्या तारखा लिहा. ती वही डॉक्टरांना बाटल्यापेक्षा उपयोगी पडते. किडनीचा डॉक्टर दाखवला नसेल तर या पैशांतून आधी तो दाखवा. आणि खाण्यातलं व्हिटॅमिन सी कोणी बंद केलेलं नाही. घरी धुऊन, साल काढून कापलेलं एक जामफळ, म्हणजे पेरू, रोजची गरज भागवतं. लारीवरचं (हातगाडीवरचं) कापलेलं फळ मात्र नको, केमोत पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतात. सेव-उसळ मागत असतील, सगळे बडोदेकर मागतात, तर घरी करून तर्री कमी घालून द्या.

मावशी, माझा मुलगा सात वर्षांचा. सर्दी होऊ नये म्हणून सासूबाई त्याला रोज संत्र्याच्या चवीची ५०० ची गोळी चघळायला देतात. चालेल का? — रावपुऱ्यातली एक आई

सर्दी होऊ नये म्हणून उपयोग नाही. २०१३ मध्ये २९ चाचण्या, ११,३०६ माणसं, असा मोठा आढावा झाला. रोज घेणाऱ्यांना सर्दी इतरांइतकीच झाली. झाली की ती थोडी लवकर गेली, मोठ्यांत सरासरी ८ टक्के, मुलांत १४ टक्के. म्हणजे सात दिवसांची सर्दी सहा दिवसांवर, तेही वर्षभर रोज गोळी खाऊन. सर्दी सुरू झाल्यावर गोळी काढली तर भरवशाचा फरक नाही. सर्दी निम्म्याने कमी झाली ती फक्त मॅरेथॉन धावणाऱ्यांत, बर्फावर घसरणाऱ्या खेळाडूंत आणि कडाक्याच्या थंडीत कवायत करणाऱ्या सैनिकांत. तुमचा मुलगा यातला नसावा.

सासूबाईंशी भांडू नका. २०२० मध्ये हीच गोळी मिळावी म्हणून मंगळबाजारापर्यंत रांगा बघितलेल्या आहेत त्यांनी, गोळीवरचा विश्वास तेव्हाचा आहे. (करोनावरही पुढे झालेल्या चाचण्यांत तिचा उपयोग दिसला नाही.) एवढंच सांगा की गोळी आंबट आहे आणि चघळताना दातांना चिकटून बसते, दुधाचे दात असोत की नवे, कवच झिजतं. त्यांच्याच हाताने त्याला अर्धं जामफळ मीठ लावून द्यायला सांगा. देणारा हात तोच राहिला की घरात शांतता राहते.

आजीच्या पद्धतीने मोरावळा करते. त्यात व्हिटॅमिन सी कितपत उरतं? — दांडिया बाजार

शेजारच्याच दिसता! आवळे वाफवले, टोचले, पाकात शिजवले, महिनाभर बरणीत मुरले, तर त्यातलं बरंचसं जातं. उष्णता आणि हवा ही दोन्ही व्हिटॅमिन सीला सोसत नाहीत. उरतं किती हे बरणीगणिक वेगळं. ताज्या आवळ्याचं म्हणाल तर पोषणाची जुनी कोष्टकं शंभर ग्रॅमला ६०० मिलिग्रॅम सांगायची, नवी अडीचशेच्या आसपास सांगतात. कमी धरलं तरी एका मध्यम आवळ्यात दिवसाचं भागतं. थंडीत खंडेराव मार्केटला आले की किसून, मीठ लावून ताजे खा. मोरावळा जेवणानंतर गोड म्हणून खा. आणि बरणी उघडलीत की एक वाटी इकडे पाठवा, माझे आवळे यंदा पाकात कडक झालेत.